घरचं धारेचं मशीन घेतलं. आता जोडीचं कोणतं सामान घ्यावं?

भाजीची पाटी (सातारा)

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात घरून डबे देते, सकाळचे ४२ आणि संध्याकाळचे १८. चिरायला मी आणि शेजारच्या मावशी, दोघीच. चार सुऱ्या, दोन विळ्या आणि दुधाच्या पिशव्या कापायची एक कात्री, एवढीच आमची हत्यारं. पूर्वी सायकलवर धारवाला यायचा. चाक मागे लावलेलं, सायकल स्टँडवर चढवून पायडल मारत धार लावायचा. गेल्या दिवाळीपासून तो फिरकलाच नाही. मग एका दुकानात सुऱ्या दिल्या. तिथे एमरीच्या कोरड्या, वेगानं फिरणाऱ्या चाकावर ठिणग्या उडवत धार लावून मिळाली. पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी, चौथ्या दिवशी टोमॅटोच्या सालीवरून घसरायला लागली. एका सुरीच्या टोकाला तर निळसर डाग पडला, तो घासूनही जात नाही.

म्हणून मार्चमध्ये पाण्यात फिरणाऱ्या दगडाचं मशीन घेतलं. २०० मिलिमीटरचा दगड, दुसऱ्या बाजूला चामड्याचं चाक. २१ हजार रुपये गेले. डब्यांतून साठवलेले पैसे आहेत, म्हणून त्यातून पुरेपूर काम निघावं असं मनापासून वाटतं. सोबत सुरी धरायची एक जिग, कोन मोजायची पट्टी, दगड जाडा-बारीक करायची वडी आणि चामड्याला लावायच्या पेस्टची ट्यूब मिळाली.

आता दुकानदार म्हणतात, नऊ वस्तूंची पेटी घ्या, १३,५०० ला देतो, सुटं घेतलंत तर महागात पडेल. त्यात आहे: कात्रीची जिग, लहान सुरीची जिग, कुऱ्हाडीची, रंध्याच्या पात्याची आणि सरळ पटाशीची मिळून एक, गोल पटाशीची, ड्रिलची, दगड सपाट करायचा हिऱ्याचा ड्रेसर, आकाराचं चामड्याचं चाक आणि ४००० नंबरचा, म्हणजे फार बारीक, जादा दगड.

दुसरी अडचण अशी की माझी सगळ्यात चांगली आठ इंची सुरी माझ्याच हातून बिघडली. पाटावर टेकवली की मुठीपासून दोन बोटं सोडून खालून उजेड दिसतो. कोथिंबीर चिरली की काड्या सुट्या होत नाहीत, माळेसारख्या एकमेकींना धरून राहतात. टोकही बोथट गोल झालंय. माझं नेमकं काय चुकलं?

आणि तिसरं. सासरे सुतारकाम करायचे. २०११ मध्ये ते गेले, तेव्हापासून त्यांची पेटी माळ्यावर आहे. तीन पटाश्या आणि एक लाकडी रंधा, सगळं गंजलेलं. मुलगा नववीत आहे, तो रोज विचारतो, आई, आजोबांच्या पटाशीला धार लावूया का?

तर पेटी घेऊ का? नाही तर आधी काय घेऊ? आणि विळीला या मशीनवर धार लावता येते का?

ऊसपट्टा (कराड)

ताई, मी शेतकरी माणूस, तेवढ्यापुरतंच सांगतो. आमच्याकडे पण असंच पाण्याचं मशीन आहे, मुलानं घेतलंय. घरातल्या सुऱ्यांना फार छान. पण शेतातला कोयता त्यावर घेऊन बसू नका. जाड पात्याला दगड तासभर घासत बसतो आणि दगडच झिजतो. कोयत्याला कानस बरी. पातं मांडीखाली नाही, ओंडक्यावर शिकंजात धरायचं आणि कानस पुढे ढकलताना दाब, मागे येताना उचलायची. विळ्याला दाते असतील तर त्याला दगड लावूच नका, दाते जातात. कुऱ्हाडीची जिग तुम्हाला कशाला? तुमच्याकडे कुऱ्हाड आहे का?

निवृत्त निदेशक (सांगली)

ताई, मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो, ३१ वर्षं. हजारो पोरांच्या पटाश्या माझ्या डोळ्यांसमोर बिघडल्या आणि सुधारल्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पेटी घेऊ नका. सामान निवडताना कॅटलॉग बाजूला ठेवायचा आणि आपल्या घरातली पाती ओट्यावर ओळीनं मांडायची. तुमच्याकडे चार सुऱ्या, एक कात्री, तीन पटाश्या, एक रंध्याचं पातं आहे. सुरीची जिग आलेलीच आहे. कुऱ्हाड नाही, ड्रिल नाही, गोल पटाशी नाही, आणि आकाराचं चामड्याचं चाक त्या गोल पटाशीसाठीच असतं. ४००० नंबरचा दगड रंध्याला शोभतो. स्वयंपाकघरातल्या सुरीला तेवढी गुळगुळीत धार लावली तर टोमॅटोवर उलट घसरू शकते, सालीत शिरायला धारेला किंचित दात हवा. नऊपैकी तुमच्या कामाच्या दोनच उरल्या: ड्रेसर आणि सरळ पटाशीची जिग. त्यातही ड्रेसर आजच घ्या. जिग मुलाचा हात बसायला लागल्यावर घ्या.

ड्रेसर आधी का, ते सांगतो. घरातली स्टीलची फूटपट्टी घ्या. मशीन बंद करून दगडाच्या तोंडावर, म्हणजे जिथे सुरी घासतो तिथे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी टेकवा, पट्टीची कड खाली, आणि मागे टॉर्च लावा. मध्ये उजेड दिसला तर दगडाला खळगा पडलाय. सुरी रोज त्याच जागी घासली की दगड त्याच जागी झिजतो, आणि खळग्याच्या दगडावर सरळ धार येत नाही, कडेची कोपरी पात्यात रुतत जाते. तुमच्या सुरीतला उजेड निम्मा तिथून आलाय अशी माझी खात्री आहे. उरलेला निम्मा हाताचा. नवीन माणूस मुठीजवळ सुरी टेकवतो, जिग नीट बसली का पाहत थांबतो आणि मग ओढायला लागतो. तेवढ्या थांबण्यात तिथलं लोखंड जातं. सुरी हलती असतानाच दगडावर आली पाहिजे आणि हलती असतानाच सुटली पाहिजे. टोकाशी मात्र उलटं: सुरी दगडावरून पुरी बाहेर ओढलीत की टोक कोपरीवरून घसरून गोल होतं. टोक दगडाच्या मध्यावर असतानाच हात थांबवायचा आणि सुरी वर उचलायची. पोटाच्या वळणापाशी मूठ हळूहळू वर न्यायची, म्हणजे धार दगडाला आडवीच राहते.

ड्रेसर चालवताना घाई करू नका. पाणी भरलेलं हवं. हिऱ्याचं टोक दगडाला जेमतेम लागेल इतकंच पुढे घ्या, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अगदी सावकाश न्या, परत थोडं पुढे, परत सावकाश. एकदम खोल घेतलं तर दगडावर आट्या, म्हणजे स्क्रूसारखे चर, पडतात आणि दगडाचं आयुष्य फुकट जातं. आट्या पडल्याच तर वडीच्या जाड बाजूनं घासून काढा.

ती वडी तुमच्या मशीनमधली सगळ्यात किमती वस्तू आहे, आणि बहुतेक लोक ती डब्यातून काढतसुद्धा नाहीत. या प्रकारचा दगड साधारण २२० नंबरचा, म्हणजे जाडा, असतो. वडीची बारीक बाजू फिरत्या दगडावर वीस-पंचवीस सेकंद दाबून धरली की तोच दगड जवळपास १००० नंबरसारखं काम करतो. जाड बाजू लावली की परत २२०. एका दगडात दोन दगड मिळतात, म्हणून जादा दगडाला पैसे घालू नका असं म्हणतो.

आता निळा डाग. सहा इंची बेंच ग्राइंडर मिनिटाला २८०० च्या आसपास फेरे घेतो. म्हणजे दगडाचं तोंड मिनिटाला १३०० मीटरहून जास्त पळतं. तुमचा २०० मिलिमीटरचा दगड मिनिटाला १२० फेरे घेत असेल तर तोंड ७५ मीटर पळतं. सतरा-अठरापट फरक आहे, शिवाय तुमच्याकडे पाणी आहे. कोरड्यावर पातळ धार क्षणात तापते. साध्या पोलादावर निळा रंग येतो तो ३०० अंशांच्या आसपास, आणि तिथवर गेलं की लोहारानं दिलेलं पाणी, म्हणजे पोलादाचा कठीणपणा, उतरलं. पाणी उतरलेली धार लागते छान, टिकत नाही. तुमचा चौथा दिवस तो हाच. निळा भाग दगडावर घासून संपेपर्यंत मागे न्या, खाली चांगलं पोलाद मिळेल.

बिघडलेली सुरी अशी सुधारा. आधी धार विसरा. सुरी दगडावर काटकोनात, म्हणजे कापायची कड खाली करून, अगदी हलक्या हातानं फिरवा आणि फूटपट्टीला लावून बघत जा. उजेड दिसायचा बंद झाला की थांबा. मिलीमीटर, दीड मिलीमीटर रुंदी जाईल, जाऊ द्या. मग जिगमध्ये धरून दोन्ही बाजूंना धार घ्या. कोन एका बाजूला १५ अंश. स्वस्तातली मऊ स्टीलची सुरी असेल तर २० ठेवा, नाही तर धार दुमडते.

कोन बरोबर लागला का हे पट्टीपेक्षा मार्कर चांगलं सांगतो. काळ्या मार्करनं धारेचा उतार रंगवा, मशीन बंद ठेवून दगड हातानं एक वीत फिरवा. शाई फक्त वरच्या अंगाला गेली तर जिग टेकते ती दांडी एका दिशेला हलवा, फक्त कडेची गेली तर दुसऱ्या. पूर्ण पट्टा चमकला की मशीन सुरू. आणि दगड झिजून लहान झाला की जुनी खूण चुकते, हे लक्षात असू द्या. कोन दगडाच्या व्यासावरही ठरतो.

एक बाजू घासताना पलीकडच्या कडेला बारीक खरखर उभी राहते, तिला आम्ही वर्कशॉपात बर म्हणतो. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, आडवा, धारेच्या बाहेर सरकवून पाहा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवायचं नाही. मुठीपासून टोकापर्यंत बर लागली की ती बाजू झाली. मग दुसरी. शेवटी चामडं. चामड्याला आधी हलक्या मशीन ऑइलचे चार थेंब, मग पेस्ट. आणि चाक धारेपासून दूर पळत असलं पाहिजे. उलट्या बाजूनं गेलात तर सुरी चामड्यात घुसते, चाक फाटतं आणि हातालाही इजा होते.

तुमच्या कामाला चामडं दर तीन-चार दिवसांनी, दगड दीड-दोन महिन्यांनी पुरे. दर वेळी दगडावर गेलात तर सुरी आणि दगड दोन्ही दोन वर्षांत संपतील. काम झालं की पाण्याची टाकी खाली करा. दगड पाणी पितो. अर्धा बुडालेला तसाच ठेवला तर एका अंगाला जड होऊन बसतो.

भाजीची पाटी (सातारा)

सर, किती मनापासून लिहिलंत. आत्ताच फूटपट्टी लावून पाहिली. मध्ये चांगला उजेड आहे, नख मावेल एवढा! मी तीन महिने सुरीलाच दोष देत होते.

विळीचं आणि कात्रीचं राहिलं. माझी एक विळी आईकडची आहे, काळ्या लोखंडाची, पाटाला बसवलेली, वर नारळाची खवणी. मावशी त्याच विळीवर बसून दोन किलो गवार मोडायच्या आधी टोकं उडवतात. त्यांना सुरी जमत नाही, आणि मलाही ती विळी सोडवत नाही. आणि माझा मावसभाऊ अमेरिकेतून डिसेंबरमध्ये येतोय. त्याच्याकडून काही मागवू का?

ओहायोकर

ताई, मी अमेरिकेतच राहतो. माझ्याकडे टॉरमेकचं टी-८ हे पाण्याचं मशीन आहे, गॅरेजमध्ये सुतारकाम करतो. स्वीडनची कंपनी, १९७३ पासून हेच करते. तुमच्या पद्धतीची मशीन मुळात त्यांच्याच आराखड्यावर बेतलेली असतात. त्याचा फायदा असा: जिग ज्या आडव्या दांडीवर सरकते ती टॉरमेकची १२ मिलिमीटर जाड असते, आणि त्या धर्तीच्या बऱ्याच मशीनची तेवढीच असते. तुमची कॅलिपरनं मोजा. १२ भरली तर त्यांच्या बहुतेक जिग तुमच्या दांडीवर बसतील. मागवण्याआधी हे माप बघायचं.

भावाकडून मशीन मात्र मागवू नका. इथलं मशीन १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. तुमच्याकडे २३०, ५०. व्होल्ट कमी करायचा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो हर्ट्झ बदलत नाही. अशी मोटर तुमच्याकडे हळू फिरते आणि जास्त तापते. जिग आणायला काहीच अडचण नाही, फक्त चेक-इनच्या बॅगेत टाकायला सांगा.

मागवायचंच असेल तर एकच सुचवतो. तुमच्यासोबत आलेली सुरीची जिग बहुधा जुन्या पद्धतीची असेल, म्हणजे एक जबडा पक्का आणि एक स्क्रूनं सरकणारा. जाड पाठीची सुरी त्यात मधोमध बसत नाही, म्हणून एका बाजूचा उतार रुंद आणि दुसरा अरुंद होतो. टॉरमेकच्या केजे-४५ जिगमध्ये दोन्ही जबडे सारखे सरकतात आणि सुरी आपोआप मध्यावर येते. मी दोन्ही वापरल्यात, फरक डोळ्यांना दिसतो. पण सरांनी सांगितलं तसं आधी ड्रेसर. दगडच वाकडा असेल तर कुठलीही जिग काही करू शकत नाही.

सोलायच्या छोट्या सुरीसाठी वेगळी लहान जिग मिळते. मी घेतली आणि वर्षात दोनदा वापरली. बोटभर पात्याची सुरी मी आता नुसती चामड्यावर फिरवतो, तेवढ्यावर महिनेच्या महिने निघतात.

निवृत्त निदेशक (सांगली)

विळीबद्दल. ताई, विळीसाठी जिग बनत नाही, आणि बनायला नको. पाटासकट ती मशीनवर येतच नाही. पातं खोलता येत असेल तरी, जिथे धार आत वळलेली आहे तिथे सपाट दगड मध्ये टेकत नाही, दोन्ही कोपरी मात्र टेकतात. पात्याला दोन खाचा पडतील. आईची विळी आहे, तिच्यावर प्रयोग नको.

विळीला हातातला कार्बोरंडमचा निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक. पाटावर नेहमीसारखा पाय देऊन विळी घट्ट दाबा. निसणा पाण्यात भिजवून पात्याच्या मुळापासून वर, धारेला तिरपा, एकाच बाजूनं. वळणात त्याची गोलसर कड वापरा. दहा-बारा हात जाड बाजूनं, तितकेच बारीक बाजूनं, मग दुसऱ्या अंगानं दोन हलके हात, बर काढण्यापुरते. हात नेहमी पात्याच्या पाठीकडे. पुसून, कोरडी करून खोबरेल तेलाचं बोट फिरवा, काळं लोखंड एका रात्रीत गंज धरतं. खवणीचे दाते तिकोनी कानशीनं, प्रत्येक खाचेत दोन हात, बस्स.

कात्रीची जिग दुधाच्या पिशव्यांसाठी घेऊ नका. कात्री कापते ती दोन पाती एका बिंदूत एकमेकांवर घासून. आतली बाजू किंचित पोकळ असते आणि तिला दगड कधीच लावायचा नाही. ती सपाट झाली की कात्री कापड चावते आणि मग ती परत आणणं फार अवघड असतं. तुमच्या कात्रीचा मधला स्क्रू आधी अर्धा आटा घट्ट करून पाहा. बहुतेक वेळा धार गेलेली नसते, ढिलाई आलेली असते. शेजारी शिंपी असतील आणि त्यांच्या मेरठच्या मोठ्या कात्र्या तुमच्याकडे यायला लागल्या तर जिग तीन-चार महिन्यांत पैसे फेडेल, तेव्हा घ्या. पण आपल्या सुऱ्यांवर हात पुरता बसेपर्यंत दुसऱ्याची कात्री हातात घेऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती.

पटाश्यांचं: आधी पाठ. गंज काढून पटाशीची पाठ धारेकडून बोटभर तरी आरशासारखी सपाट करायची, जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून. पाठ सपाट नसेल तर पुढच्या उताराला कितीही धार द्या, ती निम्मीच असते. मग उतार २५ अंश, ठोकायच्या पटाशीला ३०. मुलाला पाठीपासून सुरुवात करू द्या, मशीनवर नंतर.

भाजीची पाटी (सातारा)

सर्वांना नमस्कार, तीन आठवड्यांनी लिहितेय.

पेटी घेतली नाही. दुकानदारांनी ड्रेसर सुटा दिला, ३,२०० ला. पहिल्या रविवारी दगड सपाट केला. सर म्हणाले तसं सावकाश, अकरा वेळा इकडून तिकडे. शेवटच्या वेळी दगडाचा आवाज बदलला. आधी खर-थांब-खर येत होता, मग अखंड सळसळ यायला लागली. फूटपट्टी लावली, उजेड नाही.

मग आठ इंची सुरी. काटकोनात घासताना जिवावर आलं. ज्या थोड्याफार धारेवर इतके दिवस काम चाललं ती डोळ्यांदेखत जाताना बघवत नव्हती. पण पाटावर टेकवली आणि मुठीपासून पोटापर्यंत सलग बसली. मार्कर तीनदा लावावा लागला. १५ अंशांवर धार घेतली, बर लागली, चामड्यावर काढली. सोमवारी पहाटे कोथिंबिरीची पहिली जुडी चिरली. काड्या सुट्या पडल्या. मावशींनी ती सुरी हातात घेऊन पाहिली आणि ठेवली, काही बोलल्या नाहीत. मंगळवारी भेंडी त्यांनी आपणहून सुरीवर घेतली.

हे तीन आठवडे सुऱ्या फक्त चामड्यावर, दर बुधवारी आणि शनिवारी, प्रत्येकीला दोन मिनिटं. दगडाला हात लावलेला नाही. निळा डाग होता ती सुरी चार मिलिमीटर मागे गेली, आता टोमॅटो कापते. विळीला निसणा केला, तेलाचं बोटही फिरवलं. कात्रीचा स्क्रू खरंच ढिला होता.

भावाला केजे-४५ आणायला सांगितलंय, दांडी बरोबर १२ भरली.

मुलानं काचेवर दोन संध्याकाळ बसून मधल्या पटाशीची पाठ चमकवली. गंजाखाली छोटा ठसा निघाला, नांगरासारखा दिसतो. सासूबाईंनी लगेच ओळखला, म्हणाल्या, ही त्यांनी लग्नाच्या वर्षी घेतली होती. पुढचा रविवार रंध्याचा. पातं लाकडी पाचरीनं अडकलंय आणि हलत नाही. कुठे ठोकायचं?

निवृत्त निदेशक (सांगली)

रंध्याच्या मागच्या टोकावर, लाकडी मोगरीनं, हलके हलके. लोखंडी हातोडी नको, लाकूड चिरतं. डाव्या हातानं रंधा असा धरा की अंगठा पात्यावर आणि पाचरीवर राहील, नाही तर दोन्ही एकदम सुटून पायावर येतात. पाचर आली की ती टाकू नका आणि तासूही नका, ती त्याच रंध्यासाठी बेतलेली असते. ठशाचा फोटो टाका, बघायला आवडेल.